टॉमची मैफल: ‘द कॅट कॉन्चर्टो’च्या फ्रेममोजणीच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आमच्या अ‍ॅनिमेशनच्या गटाच्या अभ्यासासाठी फिल्म ठरली: ‘द कॅट कॉन्चर्टो’. टॉम आणि जेरी, एमजीएमचा कार्टून स्टुडिओ, दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, निर्माता म्हणून नाव फ्रेड क्विम्बी यांचं. लांबी आठ मिनिटांच्या आत. गटातल्या मुलांचा कौल ‘द यांकी डूडल माउस’ला होता. तिच्यात तळघरातलं अख्खं युद्ध आहे, फटाके आहेत, फेकाफेकी आहे. मी मात्र हिच्यावर अडून बसलो.

टॉम-जेरीच्या बहुतेक फिल्म्समध्ये पळायला अख्खं घर मोकळं असतं. स्वयंपाकघर, जिना, अंगण, शेजारचा कुत्रा. इथे टॉमला पळायची सोय नाही. अंगात टेलकोट घालून तो भरल्या सभागृहासमोर पियानोला बसलाय आणि लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सोडी क्रमांक २ त्याला शेवटापर्यंत न्यायची आहे. काय भांडायचं ते वाजवता वाजवता. हे बंधनच मला मुलांना दाखवायचं आहे.

काम असं: कागदाच्या लांब गुंडाळीवर पूर्ण फिल्मची टाइमिंग-पट्टी काढायची. सर्वांत वर संगीताच्या मात्रा, त्याखाली फ्रेमचे आकडे, त्याखाली टॉमची ओळ, सर्वांत खाली जेरीची. पट्टी झाली की त्यातून जे शिकलो त्यावर प्रत्येकाने स्वतःची छोटी पेन्सिल-टेस्ट, म्हणजे नुसत्या पेन्सिल-चित्रांची चाचणी फिल्म, करायची. पात्रं स्वतःची, टॉम-जेरी नाहीत.

९ जुलै, बुधवार

हिशोबाचं पान आधी तयार केलं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहणार.

सेकंदाला २४ फ्रेम. फिल्म सुमारे ११,००० फ्रेमची. ३५ मिमीच्या पट्टीत एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि मिनिटाला ९० फूट पट्टी पळते, म्हणजे अख्खी फिल्म साधारण ७०० फूट. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, त्याला ‘टूज’वर काम करणं म्हणतात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र म्हणजे ‘वन्स’. बोटं पियानोच्या पट्ट्यांवरून धावतात तिथे टूजवर भागत नाही.

लयीचं कोष्टक:
१६ फ्रेमला एक मात्रा = मिनिटाला ९०
१२ फ्रेमला एक = १२०
१० फ्रेमला एक = १४४
८ फ्रेमला एक = १८०

त्या काळचे कार्टूनवाले लय बोलायचे ती फ्रेमच्या भाषेत. ‘बाराचा ठोका’, ‘आठचा ठोका’. हॅना स्वतः टाइमिंगचे माणूस, संगीताची जाण असलेले. बार्बेरा भराभर चित्रं काढून प्रसंग रचायचे, हॅना ते प्रसंग बार शीटवर मात्रांमध्ये बसवायचे. बार शीट म्हणजे संगीताच्या वहीसारखा कागद, फक्त सुरांच्या बरोबरीने त्यात कृती लिहिलेली असते: इथे वळतो, इथे पाहतो, इथे आपटतो. आम्ही आता करतोय ते काम उलट्या दिशेने. तयार फिल्ममधून बार शीट परत काढायची.

आणखी एक आकडा मुलांना सांगायचा आहे. टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत पद्धतीच्या कार्टूनसाठी कॅमेरा प्रत्येक चित्राचा फोटो तीनदा घ्यायचा, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून, एकाच कृष्णधवल पट्टीवर पाठोपाठ. म्हणजे ११,००० फ्रेमसाठी तेहतीस हजारांवर वेळा शटर उघडलेलं असणार. रंग नंतर छपाईत यायचे.

१३ जुलै, रविवार

आज पट्टी सुरू व्हायच्या आधीच थांबली.

माझ्याकडची जुनी डिस्क ‘पाल’ पद्धतीची निघाली. आपल्याकडे टीव्ही पालवर चालायचा, सेकंदाला २५ फ्रेम. चोवीसची फिल्म पंचविसाने चालवली की ती सुमारे ४ टक्के लवकर संपते आणि आवाज वर चढतो. पियानो शिकवणाऱ्या बाई आमच्या मदतीला आल्या होत्या. पहिला सूर ऐकताच म्हणाल्या, “अहो, ही रचना सी शार्प मायनरमध्ये आहे. तुमचं यंत्र डीच्या जवळ वाजतंय.” हिशोब तंतोतंत जुळतो: २५ भागिले २४ म्हणजे साधारण पाऊण अर्धस्वर वर, काळी एकपासून निघालेला सूर पांढरी दोनच्या उंबऱ्यावर.

एका बाईंच्या कानाने आमचा आठवडा वाचवला. या प्रतीवर मात्रा मोजल्या असत्या तर बाराचा ठोका कुठेच बारावर पडला नसता.

ठरलं: आवाज आणि चित्र दोन्ही २४ वर आणून मगच मोजणी. सी शार्प नीट लागला की प्रत बरोबर. तपासायला यापेक्षा सोपा उपाय नाही.

२० जुलै, रविवार

प्रत दुरुस्त झाली. आज पूर्ण फिल्म प्रसंगागणिक फोडली. क्रम असा:

टॉम येतो, बसतो, वाजवायला लागतो. पियानोच्या आत जेरी झोपलेला असतो. तारांवर आपटणाऱ्या हातोड्या उठल्या की त्याची झोप मोडते. तो वर येऊन टॉमला हातवारे करून ‘कंडक्ट’ करू लागतो, चक्क टिंगल. टॉम बोटाने टिचकी मारून त्याला उडवतो आणि वाजवणं चालूच. मग जेरी पट्टीखालून डोकं काढतो, टॉम तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबून त्याच्या डोक्यावर सूर वाजवतो. जेरी आतून हातोड्या हलवतो तेव्हा टॉमने बोट उचललं तरी पियानो वाजतच राहतो. टॉम त्याला हाणतो, जेरी पट्ट्यांवरचं झाकण टॉमच्या बोटांवर आदळतो. मग कात्री, मग उंदराचा सापळा, मग हातोड्यांवरचा नाच, मग स्टुलाचा प्रसंग. शेवटी जेरी दोन हातोड्या तोडून थेट तारांवर समारोप वाजवतो. टॉम फाटक्या टेलकोटात कोसळतो. प्रकाशझोत जेरीवर.

लिहून काढल्यावर जे दिसलं ते पाहताना इतक्या स्पष्टपणे कधी दिसलं नव्हतं. टॉमच्या ओळीत दोन कामं एकाच वेळी चालू आहेत. एक हात, किंवा निदान चेहरा, श्रोत्यांसाठी. दुसरा जेरीसाठी. डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी वर, मोठ्या कलावंताचा थाट, आणि त्याच थाटात खाली बोट उंदराला चिरडायला निघालेलं. राग आला तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. दिसलाच तर सुराच्या आड.

म्हणून पट्टीत आणखी एक ओळ वाढवली: ‘टॉमचा चेहरा’. वर्गातल्या एका मुलीची सूचना, अगदी योग्य. हाताची ओळ आणि चेहऱ्याची ओळ एकमेकींशी कुठे फारकत घेतात, नेमकं तिथे हसू येतं. हे आता पट्टीवर बोट ठेवून दाखवता येतं.

टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅनांच्या आवाजातली, पण या फिल्ममध्ये संवादाचा एक शब्द नाही. बोलतो तो फक्त पियानो.

२३ जुलै, बुधवार

संध्याकाळी काम जमलं नाही. शेजारच्या मैदानावर ढोल पथकाचा सराव सुरू झालाय, हेडफोन लावूनही मात्रा ऐकू येईना. तबला वाजवणारा आमचा विद्यार्थी म्हणाला, “दादा, मोजणी आता सकाळीच करू.” तसं ठरवलं.

२७ जुलै, रविवार

पियानोच्या बाईंच्या घरी. त्यांनी रचना आधी स्वतः वाजवून दाखवली, मग फिल्म.

फ्रांझ लिस्ट (१८११–१८८६), रचना १८४७ ची, प्रसिद्धी १८५१ मध्ये. दोन भाग: आधी ‘लाशान’, संथ, जड पावलांचा, मग ‘फ्रिश्का’, जो हळूच सुरू होऊन वेग घेत घेत अंगावर येतो. तबलावाला लगेच म्हणाला, “विलंबित आणि द्रुत.” बाईंना ते आवडलं, पण त्यांनी थोडी दुरुस्ती केली. इथे लय पायरीपायरीने चढत नाही. लाशानमध्ये वाजवणारा हवा तेवढा रेंगाळू शकतो, लय त्याच्या मर्जीवर असते. आणि नेमकं तिथेच फ्रेमचा हिशोब कठीण होतो. ठोका एकसारखा नसेल तर कोष्टकाचा उपयोग नाही, प्रत्येक सूर वेगळा मोजावा लागतो. त्यामुळे अशा फिल्मचं संगीत आधी मुद्रित करून, त्यावर बोट ठेवूनच चित्रं काढावी लागतात.

मग बाईंनी फिल्म थांबवून थांबवून पाहिली. पट्ट्यांवर टॉमची बोटं बऱ्याच ठिकाणी खऱ्या सुरांच्या जागीच पडतात, डावा हात खालच्या सप्तकात असेल तर चित्रातही तिकडेच असतो. त्यांच्या तोंडून “अरे, हा खरंच वाजवतोय की!” हे ऐकताना मला फार बरं वाटलं. ज्यांनी ही बोटं काढली त्यांची नावं मुलांनी लक्षात ठेवावीत: केनेथ म्यूज, एड बार्ज, अर्व्हन स्पेन्स.

आणि एक गंमत, जी आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आली नव्हती. टॉमच्या हाताला चारच बोटं आहेत. कार्टूनचा रिवाजच तो, पाचवं बोट काढलं की हात गर्दीचा दिसतो. म्हणजे लिस्टची दहा बोटांनाही दमवणारी रचना टॉम आठ बोटांत वाजवतो. बाईंनी करंगळ्या मुडपून तसं वाजवून पाहिलं. दोन ओळींत थांबल्या आणि म्हणाल्या, त्या बोक्याबद्दल मला आता आदर आहे.

चीनचा पियानोवादक लांग लांग दोनेक वर्षांचा असताना त्याने ही फिल्म टीव्हीवर पाहिली आणि त्याला पियानो हवासा वाटला, असं त्याने अनेकदा सांगितलं आहे. आज त्याच्यावर सहज विश्वास बसला.

३ ऑगस्ट, रविवार

सापळ्याचा प्रसंग. पट्टीवरचा सर्वांत दाट भाग हाच.

आधी कात्री. उजवीकडच्या अगदी टोकाला एक तार सप्तकातला सूर आहे. टॉमचं बोट तिथे जातं, जेरी कात्री घेऊन बसलाय. बोट येतं, कात्री मिटते, बोट निघून गेलेलं असतं. पुन्हा येतं, पुन्हा हुकते. जेरी चपळ आहे, पण सुराची वेळ लिस्टने ठरवलेली आहे आणि ती जेरीच्या हातात नाही. मग जेरी कात्री टाकतो आणि युक्ती बदलतो. त्या जागच्या पांढऱ्या पट्ट्यांऐवजी सापळा मांडतो.

इथे फिल्म घाई करत नाही, हे महत्त्वाचं. सापळा आपल्याला दिसतो, टॉमला दिसत नाही. टॉम त्याच्या डावीकडे वाजवतो, उजवीकडे वाजवतो. बोटं सापळ्यावरून जातात. प्रत्येक सुराला आपल्या पोटात गोळा येतो. रचना ठाऊक असलेल्या माणसाला तर पुढचा सूर कुठे पडणार हेही कळतं, बाई तिथे अक्षरशः डोळ्यांवर हात घेऊन बसल्या. आणि मग बोट सापडतं.

पट्टीवर मांडल्यावर दिसतं की फटका स्वतः किती थोडक्यात आटपतो. चार-सहा चित्रांचं काम. लांबी सगळी आधीच्या चुकलेल्या सुरांना दिली आहे. मुलं पेन्सिल-टेस्ट करताना नेमकं उलट करतात, आपटण्यावर तीन सेकंद आणि तयारीला अर्धा. पुढच्या रविवारी त्यांच्या जुन्या टेस्ट आणि ही पट्टी शेजारी शेजारी लावायची.

सापळा मिटतो तोही सुरावर. तबलावाल्याने ठोके धरून दाखवलं. तो म्हणाला, दादा, मार समेवर आहे म्हणून लागतो. समेच्या मागे-पुढे असता तर नुसता अपघात वाटला असता. हे वाक्य मी पट्टीच्या वरच्या कडेला लिहून ठेवलं.

त्याच्या पाठोपाठ जेरीचा नाच. जेरी नमद्याच्या हातोड्यांवर उड्या मारू लागतो आणि ऱ्हॅप्सोडीची गाडी रुळ बदलून ‘ऑन द अ‍ॅचिसन, टोपीका अँड द सांता फे’ या गाण्यावर जाते. हे गाणं एमजीएमच्याच ‘द हार्वी गर्ल्स’ (१९४६) चित्रपटातलं, ज्युडी गार्लंडने गायलेलं. १३ मार्च १९४७ च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार या गाण्याला मिळाला आणि त्याच समारंभात सर्वोत्कृष्ट कार्टूनचा पुरस्कार ‘द कॅट कॉन्चर्टो’ला. फिल्म सर्वत्र प्रदर्शित झाली ती त्यानंतर, २६ एप्रिल १९४७ ला.

संगीत जुळवणारे स्कॉट ब्रॅडली. एमजीएमच्या कार्टूनचं जवळपास सगळं संगीत याच माणसाचं. १९४४ च्या ‘पुटिंग ऑन द डॉग’मध्ये तर त्यांनी बारा सुरांची आधुनिक पद्धत वापरली होती, तीही कुत्र्याचा मुखवटा घेतलेल्या उंदरासाठी. या माणसावर मुलांसाठी वेगळं सत्र करायलाच हवं.

७ ऑगस्ट, गुरुवार

या फिल्मवरचा चोरीचा वाद वाचून काढला, कारण मुलं विचारणारच.

वॉर्नर ब्रदर्सची ‘ऱ्हॅप्सोडी रॅबिट’, दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग, प्रदर्शन ९ नोव्हेंबर १९४६. बग्ज बनी टेलकोटात, पियानोवर, हीच लिस्टची ऱ्हॅप्सोडी, आणि पियानोत उंदीर. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला. ऑस्करच्या वर्षी दोन्ही फिल्म्स समोरासमोर आल्याने तो जास्तच पेटला. कोणी कोणाचं उचललं याचा निकाल इतक्या वर्षांनी मी लावणार नाही. एवढं मात्र खरं की ही रचना फ्रेलेंगना नवीन नव्हती, १९४१ च्या ‘ऱ्हॅप्सोडी इन रिव्हेट्स’मध्ये त्यांनी याच संगीतावर अख्खी इमारत बांधून दाखवली होती.

अभ्यासाला उपयोगी आहे तो दोन्हींतला फरक. बग्ज श्रोत्यांशी बोलतो. मध्येच फोन येतो, लिस्टबद्दल विचारणा होते आणि तो ओळख नाकारतो. खोकणाऱ्या श्रोत्याचा तो कायमचा बंदोबस्त करतो. म्हणजे मैफलीचा मालक तो आहे आणि मैफल मोडायचा अधिकारही त्याच्याकडे. टॉमला तो अधिकार नाही. टॉमला मैफल राखायची आहे. फ्रेलेंगची फिल्म मला प्रिय आहे, तिच्यात विनोद जास्त सुटे आणि जास्त मोकळे आहेत. पण जीव टांगणीला लागतो तो टॉमच्याच मैफलीत.

१० ऑगस्ट, रविवार

जुन्या टेस्ट आणि सापळ्याची पट्टी शेजारी लावल्या. बोलायची गरज पडली नाही. दोघांनी तिथल्या तिथे आपल्या एक्सपोजर शीट (कोणतं चित्र किती फ्रेम धरायचं याचे तक्ते) खोडून नव्या लिहायला घेतल्या.

उरलेला वेळ एका वादात गेला आणि तो सार्थकी लागला. प्रश्न: दोष कुणाचा? लहान मुलांचा पक्ष नेहमी जेरीचा असतो. आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं, टॉमने काहीही केलेलं नाही, तो आपलं काम करतोय, रियाज करून आलेला कलावंत आहे, समोर लोक तिकीट काढून बसलेत. बाकीच्यांचं म्हणणं, जेरी आपल्या घरात झोपला होता, कुणीतरी त्याच्या छतावर हातोडे चालवले. दोघांचं खरं आहे. माझ्या मते फिल्म इतकी टिकली त्याचं मोठं कारण हेच. या भांडणात दुष्ट कुणी नाही. एकाचा कामाचा वेळ आणि दुसऱ्याची झोप एकाच पियानोत अडकली आहे.

तरी टाळ्या शेवटी जेरीला मिळतात याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी मुलांपासून लपवलं नाही.

जोडीचा इतिहास थोडक्यात सांगितला. पहिली फिल्म ‘पस गेट्स द बूट’, फेब्रुवारी १९४०. तेव्हा बोक्याचं नाव जॅस्पर होतं. टॉम-जेरी ही नावं स्टुडिओतल्या जॉन कार या अ‍ॅनिमेटरने सुचवली आणि त्याला ५० डॉलर बक्षीस मिळालं. तेव्हाचा बोका केसाळ, भुवया आणि सुरकुत्यांनी भरलेला. इतक्या रेषा हजारो चित्रांत सांभाळणं अशक्य, म्हणून पुढे तो गुळगुळीत होत गेला, आणि चेहरा सोपा झाल्यामुळेच भाव जास्त वाचता येऊ लागले. १९५८ पर्यंत हॅना-बार्बेरांनी या जोडीच्या ११४ फिल्म्स केल्या, सात ऑस्कर. पियानोला ते पुन्हा आले ‘योहान माउस’मध्ये, ती ऑस्कर मिळालेली सातवी. तिच्यातलं पियानोवादन याकोब गिम्पेल यांचं.

१७ ऑगस्ट, रविवार

शेवटचा भाग मोजून झाला. पट्टी पूर्ण.

स्टुलापासून पुढे टॉमचा संयम सुटतो. तो जेरीला स्टुलाच्या बैठकीत कोंबतो, जेरी खालून बाहेर येऊन स्टूल फिरवून फिरवून वर चढवतो आणि एकदम खाली सोडतो. त्यानंतर टॉम जेरीला हातोड्यांमध्ये टाकून वाजवत सुटतो आणि ‘टॉमचा चेहरा’ ही ओळ पहिल्यांदा हाताच्या ओळीला जाऊन मिळते. थाट संपला, राग उघड झाला. आमच्या पट्टीवर दोन्ही ओळी इथे एक होतात. त्याची किंमत टॉम लगेच मोजतो. पुढच्याच प्रसंगात वाजवणारा जेरी असतो आणि टॉम नुसता मागे धावत असतो.

समारोप पुन्हा पुन्हा संपतो आणि पुन्हा सुरू होतो. संपलं म्हणून टॉम सुटकेचा श्वास घ्यायला जातो, की जेरी आणखी एक शेवट काढतो. तबलावाला जोरात हसला. “ही तर फसवी तिहाई! दोनदा आली, तिसरी समेवर येणार म्हणून हात उचलावा, तर चक्रदार निघाली.” बाईंना तिहाई (एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) आणि चक्रदार (अशी तिहाईच तीनदा घेणं) समजावून सांगण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. टाळी देत त्याने तीनदा बोल म्हटले, चौथ्या वेळी बाई स्वतः समेवर आल्या. लिस्टचा समारोप मीही आता वेगळ्या कानाने ऐकतो.

पेन्सिल-टेस्टचा नमुना ठरला. बोका पेटी वाजवतोय, उंदीर भात्यात. तीनतालाचं एक आवर्तन, बाराच्या ठोक्यावर: १६ गुणिले १२, म्हणजे १९२ फ्रेम, बरोबर ८ सेकंद. टूजवर ९६ चित्रं. अट एकच, पेटी थांबता कामा नये. काहीही झालं तरी एक हात पट्ट्यांवर किंवा भात्यावर हवा.

२४ ऑगस्ट, रविवार

टेस्ट पाहिल्या. मी अपेक्षा केली होती त्याहून चांगल्या.

पहिली अडचण हिशोबाची निघाली. फटका समेवर हवा, तर तो पडतो १९३ व्या फ्रेमला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणि आपली टेस्ट १९२ ला संपते. फटक्याच्या आधीच पडदा पडतो. सगळ्यांनाच ते जाणवलं. उपाय म्हणून २४ फ्रेम वाढवल्या, एकूण २१६. त्या शेवटच्या सेकंदात बोक्याने काय करायचं यावर सगळ्यांनी वेगवेगळं सुचवलं. एकीने काहीच केलं नाही. फटका बसतो, बोक्याची शेपटी ताठ होते, चेहरा मात्र श्रोत्यांकडे हसरा, हात पट्ट्यांवर. तिची टेस्ट सगळ्यांना पुन्हा पाहायची होती.

तिनेच उंदराला भात्यातून बाहेर काढलं आहे ते तालाच्या ‘खाली’ला, म्हणजे नवव्या मात्रेला, ९७ व्या फ्रेमवर. समेचं वजन समेसाठी राखलं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आम्ही प्रयोग करून पाहिली. फटक्याचं चित्र आवाजाच्या बरोबर फ्रेमवर ठेवलं, तर आवाज लवकर आल्यासारखा वाटतो. चित्र दोन फ्रेम आधी आणलं की दोन्ही एकत्र बसल्यासारखे दिसतात. अ‍ॅनिमेशनमधला हा जुना शिरस्ता आहे, पण स्वतःच्या चित्रावर, स्वतःच्या कानाने पाहिल्यावर मुलांचा त्यावर विश्वास बसला. म्हणून फटका आता १९१ वर, समेचा ‘धा’ १९३ वर.

गणपतीत सगळे गुंतणार, त्यामुळे पुढची बैठक विसर्जनानंतर. तोपर्यंत प्रत्येकाने मधली चित्रं पूर्ण करायची. पट्टीची गुंडाळी बाईंकडे राहील. लाशानच्या भागातले सुरांचे आकडे त्या नोटेशनशी ताडून पाहणार आहेत. स्टुलाच्या प्रसंगात जेरीच्या ओळीत दोन ठिकाणी जागा कोरी आहे, ती भरायची जबाबदारी माझी. ब्रॅडलींच्या सत्रासाठी ‘पुटिंग ऑन द डॉग’ची प्रत आणायची, आणि आणल्यावर आधी तिचा वेग तपासायचा.